बंडकऱ्याची गोष्ट लिहिण्याआधी कागद कसे वाचावेत

उमाजी नाईक, राघोजी भांगरे, वासुदेव बळवंत फडके ही नावे आपण पोवाड्यांतून आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली असतात. त्यांच्यापैकी एखाद्यावर लिहायला बसले की मात्र ध्यानात येते की, ज्यांनी त्यांना पकडले त्यांच्याच दप्तरांत त्यांची बरीचशी माहिती उरली आहे. मुंबईकराला ही दप्तरे जवळच मिळतात, कारण राज्याचे पुराभिलेखागार काळा घोड्याला एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आहे. जुन्या मराठी पुस्तकांसाठी दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय गाठावे.

जाण्यापूर्वी नावांची यादी करावी. राघोजी भांगरे इंग्रजी गॅझेटियरात, म्हणजे सरकारी जिल्हा-माहितीच्या ग्रंथात, ‘राघू भांग्रिया’ होऊन बसला आहे आणि उमाजीच्या रामोशी जमातीचे ‘रामुसी’ झाले आहे, त्यामुळे आजच्या वळणाने सूची चाळल्यास माणूस सापडतच नाही. जितकी रूपे सुचतील तितकी कागदावर लिहून न्यावीत.

कागद हाती आला की मजकुराआधी तो कोणी, कोणाला आणि कधी लिहिला हे टिपावे. बंड मोडायला पाठवलेला कप्तान वरिष्ठांना लिहितो तेव्हा त्याला आपल्या कामगिरीचे मोल दाखवायचे असते, तर लुटल्या गेलेल्या सावकाराच्या फिर्यादीत नुकसानीचा आकडा फुगलेला असू शकतो. ‘दरोडा’ हा शब्दही तपासून घ्यावा. १८६० च्या दंड संहितेने पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या जबरी चोरीला दरोडा ठरवले, पण उमाजीला पुण्यात फाशी झाली ती १८३२ साली, म्हणजे ही व्याख्या येण्याच्या कितीतरी आधी.

माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा म्हणजे काय लुटले आणि काय जाळले याची नोंद. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि तो उठाव इतर गावांत पसरला, तेव्हा लोकांचा मुख्य रोख होता तो कर्जरोख्यांवर आणि हिशेबाच्या वह्यांवर. ज्या कागदाने शेत गहाण पडले होते, तो कागद अंगणात जाळून टाकणाऱ्याला निव्वळ लुटारू म्हणता येत नाही. याउलट १८७९ साली फडक्यांनी धामारी गावावर धाड घातली ती पैशासाठी, कारण त्यांना इंग्रजांविरुद्ध फौज उभी करायची होती. आणि साथीदारांचा जीव लुटीत अडकलेला पाहून त्यांना वाटलेला विषाद त्यांच्याच आत्मकथनात आला आहे. नायक उजळ दिसावा म्हणून असा मजकूर गाळणे हा त्या माणसावरच अन्याय आहे, कारण दुष्काळाने पोळलेल्या मुलखात उपाशी माणसे घेऊन बंड करणे किती अवघड होते, हे त्याच ओळींतून कळते.

पोवाडा तारखेसाठी वाचू नये. गावाला तो माणूस कसा हवा होता, हे त्यातून कळते, आणि तेवढ्यासाठी तो सरकारी अहवालाइतकाच जपून वाचावा. दोन्हींत एकच प्रसंग आला तर कागदाचे दोन रकाने करून समोरासमोर उतरवावा. जिथे दोघांचे जुळते तिथे पाय रोवावा, जिथे फारकत होते तिथे दोन्ही बाजू वाचकापुढे ठेवाव्यात.

लिहिताना जातीविषयी फार सांभाळावे लागते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवण्याची वाट मोकळी केली, आणि स्वतंत्र भारतात १९५२ साली तो कायदा गेला तरी त्याचे शब्द अजून आपल्या बोलण्यात आहेत. असे विशेषण जुन्या कागदात आढळले तर ते अवतरणात, लिहिणाऱ्याच्या नावासह द्यावे आणि आपल्या स्वतःच्या वाक्यात त्या माणसाला त्याच्या नावाने व गावाने ओळखावे: भिवडीचा उमाजी, देवगावचा राघोजी, शिरढोणचे वासुदेव बळवंत. यांतले शिरढोण तर पनवेलच्या पुढेच आहे. पहिला खर्डा हातावेगळा झाला की एका रविवारी तिथे जाऊन फडक्यांचा वाडा पाहून यावे आणि मगच दुसरा खर्डा हाती घ्यावा.