लडाखची पहिली वारी: बॅगेआधी दिवस मोजा

लडाखच्या तयारीत सगळ्यात जास्त चर्चा जॅकेटची होते आणि सगळ्यात कमी मोकळ्या दिवसांची. म्हणून सुरुवात कॅलेंडरपासून. लेह सुमारे ३५०० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या (१६४६ मीटर) दुपटीहून उंच, आणि हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश. विमानाने गेलात तर शरीराला हा फरक काही तासांत सोसावा लागतो. पहिले दोन दिवस कोरे ठेवा: जेवण, झोप, बाजारात हळूहळू फेरी, दिवसाला तीनेक लिटर पाणी, दारू अजिबात नाही. दर रविवारी गड चढणाऱ्यांनाही यात सवलत नाही. उलट दम असलेला माणूसच पहिल्या संध्याकाळी लेहमधल्या शांती स्तूपाच्या पायऱ्या चढतो आणि रात्रभर डोकं धरून बसतो.

मग मुक्कामांचा क्रम. लेहनंतर आल्ची गावाच्या बाजूला एक दिवस, मग नुब्रा खोरं आणि पँगाँग सरोवर सगळ्यात शेवटी. वाटेतली ‘खारदुंग ला’ ही खिंड ५३५९ मीटरवर असली तरी ती ओलांडून झोपायचं असतं नुब्रात, लेहपेक्षा खाली. पँगाँगला झोपायचीच जागा सव्वाचार हजार मीटरच्या वर आहे, आणि उंचीचा त्रास बहुधा रात्री वाढतो. खिंडीत वीस मिनिटांपेक्षा जास्त रेंगाळू नका. रस्त्याने जायचं असेल तर जाताना श्रीनगर-कारगिल, येताना मनाली. मनालीकडून चढलात तर सर्चूचा मुक्काम ४२०० मीटरच्या वर, शरीर सरावण्याआधीच पडतो.

डॉक्टरांकडे निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी जा. रक्तदाब, हृदयविकार, दमा, गरोदरपण असेल तर तिकिटाच्याही आधी. उंचीचा त्रास टाळायला अ‍ॅसिटाझोलामाइड (डायमॉक्स) ही गोळी बहुधा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी आवर्जून सांगा. या गोळीने बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं, त्याने घाबरू नका. घाबरायचं ते बसल्याजागी धाप लागली, फेसाळ खोकला आला, तोल जाऊ लागला किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला तर. अशा वेळी सकाळची वाट न पाहता खाली उतरायचं आणि दवाखाना गाठायचा. छोटा ऑक्सिजनचा डबा काही मिनिटं पुरतो. तो उतरण्याला पर्याय नाही.

कपडे थरांत: आत थर्मल, मधे लोकर किंवा फ्लीस, वर वारा अडवणारं जाकीट. एकच जाडजूड जॅकेट घेतलं तर दुपारी घामाघूम आणि रात्री तेच ओलसर. कानटोपी, हातमोजे, झोपायला मोज्यांचा वेगळा कोरडा जोड, गॉगल, ५० एसपीएफचं सनस्क्रीन. थंडी वाजत असतानाही कातडी भाजते, म्हणून नाक आणि ओठ विसरू नका.

मोबाइल पोस्टपेड हवा. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही. लेहबाहेर एटीएमचा भरवसा धरू नका, रोख जवळ ठेवा. ओळखपत्राच्या आणि पर्यावरण शुल्काच्या पावतीच्या चार-पाच छापील प्रती हव्यात, कारण तपासणी नाक्यावर नेट असेलच असं नाही. फिरायला गाडी किंवा दुचाकी लेहमधलीच भाड्याने घ्या, बाहेरच्या भाड्याच्या गाड्या तिथे अडवतात. नुब्राहून श्योक नदीच्या काठाने पँगाँगला जाताना पहाटे निघा, दुपारनंतर बर्फ वितळून नाल्यांना पाणी चढतं. पॉवर बँक रात्री पांघरुणात घ्या, थंडीत ती लवकर उतरते.

खाऊ म्हणून दाण्याचे लाडू, खजूर, मेतकूट चांगलं. चिवड्याची हवाबंद पाकिटं मात्र फुग्यासारखी टम्म होतात आणि बॅगेत फुटतात, तेव्हा तो घरूनच डब्यात भरा. औषधं हातातल्या पिशवीत. आणि परतीच्या बाजूला, दिल्लीत एक दिवस राखून ठेवा: हवा बिघडली की लेहचं विमान रद्द होतं, आणि पुढचं मुंबईचं तिकीट त्यासोबत जातं.