वर्दीतला अंबाडा: या चुका टाळा

एनसीसीच्या पहिल्या कॅम्पला निघालेली मुलगी बूट चमकवते, बेल्टचं बक्कल घासते, टोपीचा लाल हॅकल, म्हणजे तुरा, चुरगळू नये म्हणून कागदात गुंडाळून ठेवते. केसांचं मात्र 'तिथे गेल्यावर बघू' असतं. मग पहिल्याच सकाळी फॉलिनमध्ये, म्हणजे रांगेत उभं असताना, ड्रिल शिकवणारे उस्ताद मागून फिरतात आणि त्यांची नजर आधी मानेवर जाते. ज्या टर्नआउटसाठी, म्हणजे वर्दीतल्या टापटिपीसाठी, आठवडाभर जीव काढला, त्याचे गुण मानेवर लोंबणाऱ्या दोन बटा खाऊन टाकतात.

एनसीसी म्हणजे सैन्य नव्हे, पण आपल्याकडच्या बऱ्याच मुलींचा वर्दीशी पहिला संबंध इथेच येतो. मुलींचा विभाग १९४९ पासून आहे. १९९२ मध्ये चेन्नईच्या ओटीएत, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणाऱ्या अकादमीत, मुलींचं प्रशिक्षण सुरू झालं, २०२१ मध्ये लष्करी पोलिसांतली महिला जवानांची पहिली तुकडी बेंगळुरूहून बाहेर पडली, आणि ३० मे २०२५ रोजी आपल्या खडकवासल्याच्या एनडीएतून पहिल्या १७ मुली पासआउट झाल्या. या वाटेने जाणाऱ्या मुली आता वाढणारच. त्यांच्यातल्या ज्या केस लांब ठेवतात, त्यांना अंबाडा नीट जमलाच पाहिजे.

नियमाचा गाभा सोपा आहे. केस कॉलरला टेकायला नकोत, कपाळावर आणि कानांवर बटा नकोत, रबर, पिना आणि जाळी काळीच हवी, आणि केसांमुळे बेरेट (वर्दीची मऊ गोल टोपी) उचलली जाता कामा नये. बारीकसारीक गोष्टी युनिटप्रमाणे बदलतात. तिथे तुमच्या एएनओ (शाळा-कॉलेजातल्या एनसीसी अधिकारी) किंवा जीसीआय (मुलींच्या प्रशिक्षक) मॅडम सांगतील ते खरं. पण हे सगळं व्यवस्थितपणासाठी आहे. 'घट्ट' हा आपण आपल्या पदरचा घातलेला भाग आहे, आणि बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

सगळ्यात मोठी चूक: ओढून ओढून बांधणं

डोळे ताणले जातील इतके केस मागे ओढायचे, मग रबराचे चार वेढे द्यायचे. असं बांधलं की सुटणार नाही, असा समज आहे. प्रत्यक्षात ताणलेला केस घसरतो, कारण तो एका जागी धरायला काहीच नसतं. तासाभराच्या ड्रिलनंतर तोच अंबाडा खाली ओघळतो, आणि मग मुलगी पुढच्या दिवशी आणखी घट्ट बांधते.

त्याची किंमत केसांची मुळं मोजतात. कानाच्या वर, कपाळाच्या कडेला आधी दुखतं, मग बारीक पुटकुळ्या येतात, मग तिथले केस तुटून आखूड होतात आणि कपाळ रुंद दिसायला लागतं. डॉक्टर याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात, म्हणजे सतत ओढ बसून होणारी केसगळती. वेळेवर ढील दिली तर केस परत येतात. वर्षानुवर्षं तसंच चालू राहिलं तर मूळच मरतं आणि मग तिथे केस उगवत नाहीत. 'लष्करात जायचं तर एवढं सोसायलाच हवं' असं कोणी म्हणालं तर ते मुळीच मानू नका. अमेरिकी हवाई दलाने फेब्रुवारी २०२१ मध्ये स्त्रियांना पोनीटेल आणि एक-दोन वेण्या ठेवायची मुभा दिली, तेव्हा कारणं उघड सांगितली होती: जुन्या नियमांमुळे केस खराब होत होते, अर्धशिशीचा त्रास होत होता, काही जणींचे केस गळत होते. जगातल्या एका मोठ्या हवाई दलाला जे मान्य करावं लागलं, ते आपल्या मुलींनी सहनशक्तीची परीक्षा म्हणून सोसायचं काही कारण नाही.

ओळखायचं कसं? अंबाडा बांधल्यावर भुवया वर-खाली करा. कपाळाची कातडी ओढल्यासारखी वाटली, तर सोडून पुन्हा बांधा. रात्री सोडल्यावर टाळू दुखत असेल, तर दुसऱ्या दिवशी तेवढा ताण नकोच. आणि अंबाड्याची जागा थोडी थोडी बदलत राहा, कधी बोटभर वर, कधी खाली, म्हणजे रोज त्याच मुळांवर भार येणार नाही.

अंबाडा चुकीच्या जागी

लग्नाला घालतात तसा उंच अंबाडा घातला तर बेरेट मागून उचलली जाते आणि कपाळावर पुढे सरकते. बॅज डाव्या डोळ्याच्या वर राहतच नाही. म्हणून काही मुली अगदी मानेच्या खाचेत अंबाडा घालतात, तीही चूकच. ती फायरिंगच्या दिवशी कळते.

पॉइंट टू-टू रायफल घेऊन पोटावर झोपलेली मुलगी डोळ्यासमोर आणा. कोपरं जमिनीवर, रायफलीचा दस्ता खांद्यात, गाल त्याच्या लाकडावर, आणि निशाणा बघायला मान वर उचललेली. त्या क्षणी मानेमागची कातडी दुमडते, शर्टाची कॉलर वर सरकते आणि नेमकी अंबाड्याला भिडते. कॉलर अंबाड्याला ढकलते, अंबाडा टोपीला, आणि टोपीची कड सरळ डोळ्यावर. मुलगी एका हाताने टोपी मागे सारते, पोझिशन मोडते, श्वास बिघडतो. हेल्मेट असेल तर आणखी वाईट, कारण ते कडक असतं आणि थेट डोळ्यावर येतं.

योग्य जागा या दोन्हींच्या मध्ये असते. डोक्यामागे हात फिरवला की एक टणक उंचवटा लागतो. अंबाड्याचा मध्य त्याच्या जरा खाली यावा, बेरेटची कड त्याच्या वरून जावी आणि अंबाड्याच्या खाली कॉलरपर्यंत निदान दोन बोटं जागा राहावी. आरशात उभं राहून हे कळत नाही. घरी एकदा सतरंजीवर पोटावर झोपून, मान उचलून बघा. अंबाडा कॉलरला लागला, तर वर घ्या.

गोळा करणं

जाड केसांच्या मुलींचा हा प्रश्न. केस पिळून गोल गोळा केला की तो मागे वीतभर बाहेर येतो. आत डोनट (अंबाडा फुगवणारी स्पंजची रिंग) घातला तर विचारूच नका. तो नाटकाच्या स्टेजवर शोभतो, बेरेटखाली नाही. अमेरिकी लष्कराच्या नियमात तर मोजमापच लिहिलं आहे: अंबाडा टाळूपासून साडेतीन इंचांहून जास्त बाहेर येऊ नये आणि डोक्याच्या रुंदीपेक्षा रुंद नसावा. आपल्याकडे पट्टी लावून कोणी मोजत नाही, पण टोपी बसली नाही की सगळ्यांना दिसतं.

उपाय म्हणजे आधी वेणी. मागे एक मऊ, कापड गुंडाळलेलं रबर लावा, दोन वेढ्यांपेक्षा जास्त नको. मग तिपेडी वेणी घाला, टोकाला बारीक रबर. आता ती वेणी रबराभोवती चकलीसारखी चपटी फिरवा, एकावर एक न चढवता बाजूबाजूने. टोक आत खोचा. केस फार दाट असतील तर दोन वेण्या घालून एकमेकींच्या उलट दिशेने फिरवा, अंबाडा आणखी चपटा बसतो.

पिनांचं तंत्र बहुतेकींना कोणी शिकवलेलंच नसतं. काळ्या पिनेची नागमोडी बाजू टाळूकडे हवी, सपाट बाजू वर. आपण नेमकं उलट लावतो आणि मग पिना पडतात म्हणून डझनभर खोचतो. एकावर एक फुली करून लावलेल्या दोन पिना सुट्या पाच पिनांइतकं काम करतात. अंबाड्याला आकडे, म्हणजे यू आकाराच्या उघड्या पिना, वापरा: आकड्याने अंबाड्याच्या कडेचे थोडे केस पकडा, मग आकडा उलटा फिरवून टाळूलगतचे केस घ्या आणि मध्याकडे ढकला. चार दिशांनी चार आकडे बसले की अंबाडा हलत नाही, आणि ओढही बसत नाही. ज्या पिनेच्या टोकाचा मण्यासारखा थेंब उडाला आहे ती फेकून द्या, ती टाळू खरवडते. शेवटी जाळी, दुहेरी करून. जाळी आधी घालून वर पिना टोचल्या तर ती पहिल्याच दिवशी फाटते.

मोठा चाप लावून वर जाळी घालणाऱ्या मुलीही पाहिल्या आहेत. असं कधीच करू नका. अडथळे पार करताना पाठीवर पडलात तर तो चाप डोक्यात घुसतो.

ओले केस

पहाटे अंधारात उठायचं, नळावर रांग, आणि तरीही काही मुली डोक्यावरून आंघोळ करतात व तसाच अंबाडा घालतात. ओला केस ताणला जातो आणि सहज तुटतो. वर जाळी, वर टोपी, त्यात पावसाळ्यातला कॅम्प असेल तर रात्रीपर्यंत केस आतून ओलेच. खाज, कोंडा, कुबट वास हे तिथूनच येतं. केस आदल्या दिवशी दुपारी किंवा गेम्सनंतर लगेच धुवा, वाळवा, आणि झोपताना सैल वेणी घाला. अंबाड्यावर झोपू नका. दिवसभर ओढ सोसलेल्या मुळांना तेवढे तास तरी मिळू देत.

तेल चोपडणं

उडणाऱ्या बटा बसवायला खोबरेल चोपडायचं, ही आईची सवय. तेलकट केसांवर पिना घसरतात आणि बेरेटच्या आतल्या पट्टीला डाग पडतो. घामाबरोबर तेल कपाळावर उतरून मुरूम येतात ते वेगळंच. तेल रात्री लावा, धुण्याच्या आधी. सकाळी जुन्या टूथब्रशला चिमूटभर जेल लावून कपाळाकडून मागे फिरवा, पुरे होतं.

कुरळ्या केसांना 'अस्ताव्यस्त' समजणं

ही चूक मुलींची नाही, बघणाऱ्यांची आहे, आणि मला तिचं खरंच वाईट वाटतं. कुरळ्या केसांची मुलगी नीट अंबाडा घालून येते, दहा वाजेपर्यंत घामाने कपाळावर बारीक कुरळ वर येतात, आणि तिला 'झिपऱ्या बांध' म्हणून सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागतं. मग ती रोज इस्त्री फिरवून केस सरळ करायला लागते आणि वर्षभरात ते जाळून टाकते.

हा प्रश्न इतर देशांच्या सैन्यांतही आला आहे. मार्च २०१४ मध्ये अमेरिकी लष्कराने केसांचे नवे नियम काढले. त्यात कृष्णवर्णीय स्त्रिया सर्रास ठेवतात त्या पिळाच्या बटा आणि ड्रेडलॉक (जटांसारख्या वळलेल्या बटा) यांवर बंदी होती, आणि वर्णनात 'गुंतलेले, विस्कटलेले' अशा अर्थाचे शब्द होते. सैनिक स्त्रियांनी आणि तिथल्या संसदेतल्या कृष्णवर्णीय सदस्यांनी हरकत घेतली. संरक्षण मंत्र्यांनी फेरतपासणी लावली, ऑगस्टमध्ये ते शब्द काढले गेले आणि पिळाच्या बटांना परवानगी मिळाली. ड्रेडलॉकला लष्कराने २०१७ मध्ये मान्यता दिली. सरळ केस डोळ्यांपुढे ठेवून नियम लिहिला की बाकीच्या डोक्यांवर अन्याय होतोच. शिकवणाऱ्यांनी एवढं बघावं: केस कॉलरच्या वर आहेत ना, टोपी बसली आहे ना? मग कपाळावरच्या दोन कुरळांसाठी मुलीला रडवू नका.

आणि कुरळ्या केसांच्या मुलींनो, कोरड्या केसांवर बारीक कंगवा चालवू नका. हात ओले करून केसांवर फिरवा, मोठ्या दातांच्या कंगव्याने खालून वर सोडवत या, थोडं जेल, आणि मग दहा मिनिटं डोक्याला सुती ओढणी घट्ट नाही पण नीट बांधून ठेवा. केस बसतात.

अर्धवट कापून येणं

कंटाळून कॅम्पच्या तोंडावर खांद्यापर्यंत केस कापले की सगळ्यात वाईट अवस्था येते: बांधायला आखूड, सोडायला लांब. लेयर आणि फ्लिक्स असतील तर प्रत्येक थराला वेगळी पिन. कापायचेच तर मागून कॉलरच्या पुरते वर जातील असे कापा, म्हणजे नीट बॉबकट किंवा बॉयकट. आणि मान मागे टाकूनही केस कॉलरला लागत नाहीत ना, ते पार्लरच्या खुर्चीतच बघा. अकादमीत निवड झालेल्या मुलींनी मात्र घाईने कापू नयेत. जॉइनिंगच्या सूचना येतात, त्या वाचून ठरवा.

फोनवर पाहिलेली पोनीटेल

अमेरिकी लष्कराने मे २०२१ पासून सगळ्या वर्दींवर पोनीटेलला परवानगी दिली. त्यांचे व्हिडिओ बघून आपल्याकडच्या मुली 'आता चालतं' म्हणून पोनीटेल घालून परेडला येतात. त्यांचा नियम त्यांच्यासाठी. तुम्हाला लागू तो तुमच्या युनिटचा आदेश. गंगावन, रंगीत हायलाइट, गजरा, मणी लावलेली रबरं या गोष्टींचंही तेच. शंका असेल तर कॅम्पच्या आधी विचारा, फॉलिनमध्ये वाद नको.

उवांची लाज

तंबूत गाद्या शेजारीशेजारी, कंगवा एकच, आणि रोज सकाळी एकमेकींचे अंबाडे घालून देणं. कॅम्पमध्ये उवा होणारच नाहीत, असं कोणी सांगू शकत नाही. चूक उवा होण्यात नाही, लपवण्यात आहे. डोक्याला डोकं लागलं की त्या चालत जातात, त्यात घाणेरडेपणाचा काही संबंध नाही. फणी आपली वेगळी ठेवा. परतल्यावर खाज असेल तर औषधाच्या दुकानात एक टक्का परमेथ्रिनचं लोशन मिळतं, दहा मिनिटं ठेवून धुवायचं. पुन्हा सात ते दहा दिवसांनी लावायचं, कारण राहिलेल्या लिखा तोवर फुटतात. ही दुसरी खेप बहुतेक जणी विसरतात आणि मग औषधालाच दोष देतात.

बॅगेत एका छोट्या डबीत हे टाका: काळ्या पिनांचं पाकीट, सहा-आठ आकडे, कापडी रबरं चार, जाळ्या तीन, जुना टूथब्रश, फणी. डबीवर नाव लिहा. आणि कॅम्पच्या आधी आठवडाभर रोज शाळा-कॉलेजला हाच अंबाडा घालून जा, म्हणजे पहाटे बॅटरीच्या उजेडात हात आपोआप चालतील.