स्टॉकहोममधील वासा संग्रहालय कसे पाहावे

स्वीडनच्या राजधानीत एखादेच संग्रहालय पाहण्याइतका वेळ हाताशी असेल, तर तो यूरगोर्डेन बेटावरील वासा संग्रहालयाला द्यावा. येथे पाहण्याची मुख्य वस्तू एकच आहे: १० ऑगस्ट १६२८ रोजी, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या सुमारे दीड वर्ष आधी, पहिल्याच सफरीत जेमतेम १,३०० मीटर जाऊन बुडालेली आणि ३३३ वर्षांनी, २४ एप्रिल १९६१ रोजी समुद्रातून वर काढलेली राजा दुसरा गुस्ताव आडोल्फ याची ‘वासा’ ही युद्धनौका.

शहराच्या मध्यभागातून सात क्रमांकाची ट्राम घ्यावी, किंवा हवा चांगली असल्यास स्लुसेनहून फेरीबोटीने जावे. संग्रहालयात रोख रक्कम चालत नाही, म्हणून परदेशात चालणारे कार्ड जवळ असू द्यावे. अठरा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. उन्हाळ्यात दुपारी फार गर्दी होते, त्यामुळे दार उघडतानाच पोहोचलेले बरे. लाकूड जपण्यासाठी आत प्रकाश मंद ठेवलेला असतो; डोळे सरावायला काही मिनिटे लागतात, तोवर छायाचित्रांची घाई करू नये.

प्रवेश मधल्या मजल्यावर होतो आणि समोर एकदम ६९ मीटर लांबीचे अजस्र जहाज उभे राहते. बहुतेक पर्यटक इथेच थबकतात, फोटो काढतात आणि अर्ध्यापाऊण तासात बाहेर पडतात. त्याऐवजी ‘हे जहाज बुडाले कशाने?’ हा एकच प्रश्न मनात धरून फिरावे. आधी माहितीपट पाहावा, मग एकास दहा या प्रमाणातील रंगीत प्रतिकृतीसमोर थांबावे. समोरचे काळपट लाकूड मुळात किती भडक रंगांनी नटलेले होते, हे त्या प्रतिकृतीवाचून कळत नाही.

त्यानंतर जिन्याने थेट तळाशी उतरावे. पाण्याखाली राहणारा भाग वरच्या उंच, तोफांनी आणि कोरीव कामाने लादलेल्या भागाच्या मानाने किती अरुंद आहे, ते खालून वर पाहताना सहज ध्यानात येते. जहाज स्थिर राहावे म्हणून तळाशी सुमारे १२० टन दगड भरले होते, पण वरचा भार तोलायला ते पुरले नाहीत. निघण्यापूर्वी तीस माणसांना डेकवर या काठापासून त्या काठापर्यंत पळवून चाचणी घेण्यात आली. जहाज इतके डोलू लागले की चाचणीच थांबवावी लागली, तरीही ते निघाले. वाऱ्याच्या झोताने ते कलंडले, तेव्हा तोफांच्या खालच्या रांगेच्या खिडक्या उघड्या होत्या आणि पाणी तिथूनच आत घुसले. त्या खिडक्या पाण्याच्या पातळीपासून किती थोड्या उंचीवर आहेत, याचा अंदाज स्वतःच्या डोळ्यांनी घ्यावा. पुढे चौकशी झाली, पण शिक्षा कोणालाच झाली नाही.

खालच्याच भागात जहाजाबरोबर बुडालेल्या माणसांचे सांगाडे आहेत. त्यांतील एक दीर्घकाळ पुरुषाचा समजला जात होता, मात्र तो स्त्रीचा असल्याचे जनुकीय तपासणीने दाखवून दिले आणि २०२३ मध्ये ते जाहीर झाले. लहान मुले सोबत असतील तर त्यांना आधी कल्पना द्यावी. सतराव्या शतकात पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांनी आत हवा धरून ठेवणाऱ्या ज्या घंटेच्या आधाराने बत्तीस मीटर खोलीवरच्या पन्नासहून अधिक तोफा काढल्या, तिची माहितीही चुकवू नये. माझ्या मते जहाजाच्या खालोखाल हेच सर्वांत थक्क करणारे दालन आहे.

आता वरच्या मजल्यांवर जावे. जहाजावर प्रत्यक्ष चढता येत नाही, परंतु तोफांच्या मजल्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती केलेली आहे. तिच्यात शिरून पाहावे. पिछाडीवरील कोरीव काम डोळ्यांच्या पातळीवर येते ते इथेच. सिंह, योद्धे आणि राजघराण्याची चिन्हे यांची ही गर्दी म्हणजे शत्रूला दिलेली धमकीच होती. नाळेकडच्या बाजूला बाकाखाली दबलेला पोलिश सरदारही शोधावा. पोलंडशी चाललेल्या युद्धातली ती उघड टवाळी आहे.

इतके लाकूड टिकले कसे, हा प्रश्न एव्हाना पडलेला असतो. बाल्टिक समुद्राचे पाणी फारसे खारट नाही, त्यामुळे जहाजे पोखरणारा किडा तेथे जगत नाही. वर काढल्यावर लाकूड सुकून आक्रसू नये म्हणून त्यावर सतरा वर्षे पॉलिएथिलीन ग्लायकॉल या लाकडातील पाण्याची जागा घेणाऱ्या रसायनाचा फवारा मारण्यात आला. नंतर गंजलेले पाच हजारांवर खिळे बदलण्यात आले.

या साऱ्याला किमान अडीच तास लागतात. बाहेर पडल्यावर लगेच ट्रामकडे न वळता मागे वळून छपराकडे पाहावे. इमारतीत न मावणाऱ्या डोलकाठ्या मुळात कुठवर पोहोचत होत्या, ते दाखवण्यासाठी छपरावर त्याच उंचीचे खांब उभारलेले आहेत.