जपानमध्ये कामाच्या जेवणाला बसताना

बैठक आटोपली की जपानी यजमान पाहुण्यांना बऱ्याचदा संध्याकाळी जेवायला नेतात. त्याला तिथे 'सेत्ताई' म्हणतात. दिवसाचं काम संपलं, आता मोकळे झालो, असं समजून तिथे जाऊ नका. समोरची माणसं तुमची ओळख करून घेतात ती याच जेवणात. माझ्या अनुभवात त्या संध्याकाळनंतर दुसऱ्या दिवशीचं बोलणं पुष्कळ सोपं होतं.

निघण्याआधी

काय खात नाही ते चार-पाच दिवस आधी लेखी कळवा. नुसतं 'शाकाहारी' लिहिलं तर काम होत नाही. जपानी स्वयंपाकाचा पाया असलेलं 'दाशी' हे पाणी बहुतेक ठिकाणी कोम्बू नावाच्या समुद्री वनस्पतीपासून आणि कात्सुओबुशीपासून, म्हणजे सुकवलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून, करतात. मिसो सूप, शिजवलेल्या भाज्या, नूडल्सचा रस्सा या सगळ्यांत ते असतं, पण ताटात मासा दिसत नाही म्हणून ते कुणाच्या लक्षात येत नाही. त्यामुळे 'मांस, मासे आणि माशाचं दाशी चालत नाही' असं स्पष्ट लिहा. बौद्ध मठांतून आलेलं 'शोजिन र्योरी' हे जेवण मांस-मासे वगळून करतात. यजमानांना विचारायचंच असेल तर त्याचं नाव सुचवा. पदार्थ टेबलावर आल्यावर नकार दिला तर यजमानांना आपलंच चुकलं असं वाटतं, आणि त्याचं दुःख तुमच्या गैरसोयीपेक्षा मोठं असतं.

मोजे धड आणि स्वच्छ घाला. तातामी चटईच्या खोलीत बूट चालत नाहीत आणि चपलाही चालत नाहीत. स्वच्छतागृहासाठी वेगळ्या चपला ठेवलेल्या असतात, त्या तिथेच काढून या.

बसताना

दारापासून सर्वांत दूरची जागा मानाची, तिला 'कामिझा' म्हणतात. पाहुणे म्हणून बहुधा ती तुम्हालाच मिळेल, पण दाखवल्याशिवाय बसू नका. मग 'ओशिबोरी', म्हणजे ओला रुमाल, येतो. त्यानं फक्त हात पुसा आणि घडी करून बाजूला ठेवा.

पेला

सगळ्यांत जास्त लक्ष इथे द्या. पहिलं पेय, बहुधा बिअर, सर्वांच्या हातात आल्यावर 'कान्पाई', म्हणजे पेले उंचावून शुभेच्छा देणं, होतं. त्याआधी घोटही घेऊ नका. पेला पेल्याला लावताना वरिष्ठांच्या पेल्यापेक्षा आपला थोडा खाली धरा.

यानंतर लक्ष ठेवायचं ते शेजाऱ्याच्या पेल्यावर. तिथे स्वतःचा पेला स्वतः भरत नाहीत, दुसऱ्याचा भरतात. बाटली दोन्ही हातांनी धरा, लेबल वरच्या बाजूला असू द्या. तुम्हाला कुणी ओतत असेल तर पेला उचलून दोन्ही हातांनी पुढे करा. या ओतण्यातून 'मी तुमच्याकडे पाहतो आहे' हे शब्दांवाचून सांगितलं जातं. जपानमधलं मला सर्वांत आवडलेलं आतिथ्य हेच.

पेला रिकामा दिसला की तो भरला जाणारच. थांबायचं असेल तर पेला भरलेलाच राहू द्या. मद्य घेत नसाल तर सुरुवातीलाच 'ओसाके वा नोमेमासेन' म्हणा, ऊलाँग चहा मागवा आणि कान्पाईला तोच उचला. कारण सांगत बसायची गरज नाही.

चॉपस्टिक्स

जेवण्याआधी 'इतादाकिमासु' म्हणा. दोन चुका मात्र कटाक्षानं टाळा. चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचू नका, कारण तसा भात मृतासमोर ठेवतात. एकाच्या चॉपस्टिक्समधून दुसऱ्याच्या चॉपस्टिक्समध्ये घास देऊ नका, कारण दहनानंतर कुटुंबीय अस्थी चॉपस्टिक्सनीच उचलतात आणि एकमेकांकडे देतात. तो घास पाहून कुणाला आपल्या घरातलं माणूस आठवू शकतं. वापर नसेल तेव्हा चॉपस्टिक्स समोरच्या छोट्या टेकणीवर ठेवा.

वाटी हातात उचलून सूप पिणं, नूडल्सचा भुरका मारणं, हे तिथे रीतीचंच आहे. नाक शिंकरायचं असेल तर बाहेर जा.

बोलणं

कराराचे कागद बाहेर काढू नका. कुणी 'आज बुरेइको', म्हणजे हुद्दे बाजूला ठेवू, असं म्हणालं तरी वरिष्ठांशी अदब राखा. मद्य घेतल्यावर कुणी मनातलं बोललं तर ते दुसऱ्या दिवशी बैठकीत काढू नका. हा विश्वास मोडला तर पुन्हा मिळणं कठीण.

बिल आणि निरोप

आमंत्रण देणाराच पैसे देतो, त्यावरून ओढाताण नको. टिप ठेवायची नसते. विसरलेले पैसे समजून ते परत द्यायला कर्मचारी मागे येऊ शकतात. एकटे इझाकायात, म्हणजे खाण्यापिण्याच्या साध्या जपानी मद्यालयात, गेलात तर न मागवता 'ओतोशी' ही छोटी डिश येते आणि बिलात लागते. ती फसवणूक नाही, बसण्याचे पैसे घेण्याची रीत आहे.

मद्य घेतल्यावर गाडीला हात लावू नका. तिथे पिऊन गाडी चालवणाऱ्याबरोबरच, हे ठाऊक असून त्याला मद्य किंवा गाडी देणाऱ्यालाही शिक्षा होते. शेवटच्या लोकल मध्यरात्रीच्या सुमारास सुटतात, म्हणून यजमान घड्याळ पाहू लागले तर आपणच उठा. निघताना 'गोचिसोसामा देशिता' म्हणा आणि सकाळी बैठकीत कामाला हात घालण्याआधी कालच्या जेवणाबद्दल पुन्हा एकदा आभार माना.