पोरीसोबत टीव्ही-रील्स कसे बघायचे, आणि तिच्या टिकली-जीन्समध्ये नाक न खुपसता कसं राहायचं

ज्यांच्या घरात बारा ते अठराच्या मधली पोरगी आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. पोरगा असेल तर जास्तच नीट वाचा, कारण जाहिरातीतली बाई बघून बायको कशी असते हे तोपण शिकत असतो.

टीव्ही बंद करायच्या भानगडीत पडू नका. मोबाईल काढून घेतला तर पोरगी मैत्रिणीच्या मोबाईलवर बघते, आपल्याला काय बघितलं तेवढंपण कळत नाही. त्यापेक्षा शेजारी बसा आणि जाहिरात लागली की आवाज बंद करा. आता नुसतं हात बघायचे, कुणाच्या हातात काम आहे आणि कुणाच्या हातात चहाचा कप. कपडे धुवायच्या पावडरची जाहिरात घ्या, चिखल पोरगा करणार, नवरा पेपर वाचणार, आई हसत हसत बादली उचलणार आणि पावडर कुठली चांगली हे सांगायला पांढऱ्या कोटातला एक बाप्या येणार, म्हणजे आयुष्यभर कपडे धुतले तिनं आणि अक्कल याला! हे पोरीला समजावून सांगत बसू नका, फक्त विचारा की यात काम कोण करतंय आणि शहाणं कोण ठरतंय. दोन-चार जाहिरातींनंतर ती स्वतःच बोलायला लागते, आपल्यापेक्षा भारी बोलते.

सीरियलला वेगळा प्रश्न लागतो. आपल्या सोलापुरात एका घरात मराठी सीरियल, शेजारी तेलुगू, पलीकडं कन्नड, भाषा तीन पण वाईट सून एकच, केस मोकळे, बिनबाह्यांचं ब्लाऊज, भुवया उडवणारी. चांगली सून म्हणजे पदर, तुळस आणि रात्री झोपतानापण फुल मेकअप. तर पोरीला विचारायचं, ही नोकरी काय करते गं? पगार किती? तो कुठं जातो? कुणालाच सांगता येणार नाही, कारण लिहिणाऱ्यानं ठरवलेलंच नसतं. आणि हे बघतंय कोण, तर आपल्या पूर्वभागात मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी मावशी, जिची नजर टीव्हीवर आणि बोटं तेंदूच्या पानावर, आठवड्याला किती विड्या दिल्या, किती छाटल्या आणि त्याचे किती पैसे कापले हे तिला तोंडपाठ असतं. गारमेंटमध्ये युनिफॉर्म शिवणाऱ्या बायकांचंपण तेच. अशी बाई एकातरी जाहिरातीत दिसली का, हे पोरीला शोधायला लावा.

मीडिया म्हणजे फक्त स्क्रीन नाही, चौकातलं डिजिटल, म्हणजे फ्लेक्सचा बोर्ड, तोपण त्यातच आला. गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत, संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला किंवा इलेक्शनच्या आधी बाहेर पडलात की गाडी जरा हळू घ्या आणि बाईचं डिजिटल बघा. महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत, त्यामुळं उभी बाई राहते पण बोर्डवर बऱ्याचदा नवऱ्याचा फोटो तिच्यापेक्षा मोठा, वर सगळे नेते, आणि बाई हात जोडून एका कोपऱ्यात. या बोर्डवरून हिच्याबद्दल काय कळलं, असं विचारा. अमुक यांची पत्नी, यापलीकडं बहुतेक काही निघणार नाही. उलटं उदाहरणपण दाखवा, नाहीतर पोरीला वाटतं सगळंच सडकं आहे. 2019 ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडतायत असं चित्र आलं होतं. साधं चित्र, तरी त्याची बातमी झाली. बातमी का झाली हा प्रश्न पोरांना टाकून बघा.

आता अवघड भाग. वरचं सगळं वाचून काही जण लगेच पोरीची लिपस्टिक जप्त करायला निघतील, तसलं करू नका. तिला नटायला आवडत असेल तर ती काही जाहिरातीला फसलेली नसते. जीन्स घातली म्हणजे स्वतंत्र आणि इरकल नेसली म्हणजे दबलेली, हे गणित रील्सवाल्यांचं आहे, त्यांना दोन्हीकडून मालच विकायचा असतो. मग तिनं स्वतः ठरवलंय की कुणी ठरवून दिलंय, हे ओळखायचं कसं? माझ्या मते एकच खात्रीची पद्धत आहे, ती नाही म्हणाली तर काय होतं ते बघायचं. टिकली लावली नाही म्हणून घरात टोमणे, काकूचा फोन, लग्नाला नेणार नाही म्हणून धमकी, असं होत असेल तर मग ती टिकली लावते तेव्हाची तिची आवड किती आणि भीती किती हे तिलाच सांगता येणार नाही. कॉलेजात गजरा माळला म्हणून काकूबाई म्हणत असतील तर तेपण तसंच, नुसतं उलट्या बाजूनं.

2022 मधल्या दोन गोष्टी तिला जोडून सांगा. मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, आणि हा विषय लावून धरणारे प्रमोद झिंजाडे आपल्या जिल्ह्यातले, करमाळ्याचे. नंतर सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मंत्रालयात एका पुढाऱ्यानं महिला पत्रकाराला आधी टिकली लाव मग बोलतो असं सुनावलं, महिला आयोगानं त्याला नोटीस काढली. एकीकडं कुंकू जबरदस्तीनं पुसतात, दुसरीकडं जबरदस्तीनं लावायला सांगतात, आणि कपाळ कुणाचं आहे हे दोन्हीकडं कुणी विचारत नाही.

रोजच्यासाठी काही बारीक गोष्टी. "मुलीच्या जातीला" आणि "पोरासारखी काय हिंडायलीस" ही दोन वाक्यं घरातून हद्दपार. नवी पेठेत कपडे घ्यायला गेलात की ठरलेले पैसे तिच्या हातात द्या आणि तुम्ही दुकानाबाहेर थांबा, आत गेलात की तोंड गप्प राहत नाही. घरी आल्यावर रंग आवडला नाही तरी "असू दे की" म्हणायची प्रॅक्टिस करा. दिसण्याचं कौतुक करा की, पण आठवड्यात एकदातरी तिच्या हिशोबाचं, भांडणाचं, सायकलची चेन बसवण्याचंपण करा. आणि घरात कुणाचा लग्नाचा बायोडेटा बनत असेल तर त्यातलं "गोरी" खोडा. फेअर अँड लव्हलीनंसुद्धा 2020 ला नावातलं फेअर काढून ग्लो केलं, आपल्या बायोडेटातून ते अजून निघेना!

शेवटी तक्रार, कारण नुसतं घरात बडबडून भागत नाही. जाहिरातीसाठी आस्की नावाची संस्था आहे, 1985 पासून, जाहिरातवाल्यांनीच काढलेली. काळी म्हणजे दुःखी, लग्न जमत नाही, नोकरी मिळत नाही असं दाखवायचं नाही हा त्यांचा नियम 2014 चा, आणि बाई-पुरुषांना ठराविक साच्यात कोंबण्याबद्दलचा 2022 चा. बाई घर झाडताना दाखवली तर चालतं, पण झाडणं हे तिचंच काम असं सुचवलं की तक्रार करता येते. वेबसाईटवरून फुकट होते. ब्रँड, चॅनल, तारीख, वेळ, जमलं तर स्क्रीनशॉट आणि नेमकं काय खटकलं ते दोन ओळीत, निबंध नको. सीरियल असेल तर आधी चॅनलकडं लिहायचं, त्यांनी 15 दिवसात निर्णय द्यायचा असतो, पटला नाही तर पुढं चॅनलवाल्यांच्या नियामक संस्थेकडं अपील. 1986 चा स्त्रियांच्या असभ्य प्रदर्शनाविरुद्धचा कायदापण आहे, पण बाईचे कपडे आखूड दिसले म्हणून तो घेऊन धावू नका, नाहीतर आपणपण टिकली लाव म्हणणाऱ्याच्याच रांगेत उभे. तक्रार पोरीलाच लिहू द्या, तुम्ही फक्त तारीख-वेळ बरोबर आहे का ते बघा, आणि उत्तर आलं की आधी तिला वाचू द्या, निकाल आपल्या विरुद्ध लागला असला तरी.