ड्राय सिरप घरी कसं कालवायचं आणि कसं मोजायचं

लहान मुलांचं अँटिबायोटिक आणलं की बऱ्याचदा बाटलीत नुसती पावडर असते (हेच ड्राय सिरप), पाणी आपण घालायचं, आणि गडबड होते ती इथेच. पावडर देतात कारण ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडसारखं औषध पाण्यात गेलं की फार दिवस टिकत नाही.

आधी बंद बाटली उलटी करून तळहातावर हलकेच आपटा, तळाला चिकटलेली पावडर सुटते. मग उकळून पूर्ण गार केलेलं पाणी (बॉक्समध्ये पाणी दिलं असेल तर तेच) बाटलीवरच्या खुणेच्या साधारण निम्म्यापर्यंत घाला, बूच लावून जोरात हलवा, कोपऱ्यात पांढरा गोळा राहिलाय का ते उजेडात धरून बघा. नंतर खुणेपर्यंत भरा. कोमट पाणी चालत नाही हां.

आता फेसाचं. माझ्या मुलीच्या वेळी मी फेसाची वरची कडा खुणेला लावली होती, थोड्या वेळाने बघते तर औषध खुणेच्या बरंच खाली, म्हणजे पाणी कमी पडलेलं आणि प्रत्येक डोस जास्त कडक. म्हणून फेस बसू द्या, बाटली डोळ्यांसमोर सरळ धरा आणि मगच शेवटचं पाणी घालून परत हलवा. उलट चूकही तितकीच वाईट, ३० मिलीच्या बाटलीत ३६ मिली झालं तर ५ मिलीत लेबलवरच्या २२८.५ मिग्रॅऐवजी जेमतेम १९० मिग्रॅ औषध जातं.

प्रत्येक वेळी हलवायचं ते कशासाठी? यात औषधाचे बरेचसे कण विरघळत नाहीत, नुसते पाण्यात पसरलेले असतात आणि हळूहळू खाली बसतात. कण दुप्पट मोठा असेल तर चौपट वेगाने बसतो, आणि द्रव जितका घट्ट तितका हळू. म्हणून पावडर बारीक ठेवतात आणि त्यात झँथन गमसारखं घट्ट करणारं काहीतरी घालतात. हा घट्टपणा मजेशीर असतो, बाटली हलवली की मोडतो आणि औषध सहज ओततं, ठेवून दिली की परत येतो, अगदी टोमॅटो सॉससारखं. न हलवता दिलं तर पहिले डोस फिके आणि शेवटचे जड, मुलाला फरक का पडत नाही ते कळतच नाही.

मोजायला घरातला चमचा नको, एकाचं पोट उथळ, दुसऱ्याचं खोल. सोबतचं मापाचं झाकण सपाट जागी ठेवून बघा, नाहीतर मेडिकलमधून सुई नसलेली तोंडाने द्यायची सिरिंज आणा, मला तीच आवडते कारण घट्ट औषध झाकणाला चिकटून उरतं. सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला लावून हळूहळू सोडा, घशात एकदम सोडलं तर ठसका लागतो.

बाटलीवर कालवल्याची तारीख पेनाने लिहा. ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडवालं असेल तर फ्रीजमध्ये ठेवा (फ्रीजरमध्ये नाही), साधारण ७ दिवस चालतं, बाकीच्यांचं लेबलवर बघा. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस झाले आणि तळाला उरलं असेल तर ते पुढच्या तापासाठी जपून ठेवू नका.