दुर्बीण जुन्नरच्या शेतावर, आपण पुण्यात: या चुका टाळा

दूरनियंत्रित दुर्बीण म्हटलं की चर्चा लगेच आरशाचा व्यास आणि कॅमेऱ्याकडे वळते. बजेट बेताचं असेल तर आधी एवढंच ठरवा: रात्री दोनला काही अडलं आणि तिथे हात लावायला कोणी नसेल, तर काय होणार? स्वस्तातला सेटअप बहुतेक वेळा वायर, वीज किंवा छपरापायी आडवा होतो.

माउंट (दुर्बीण पेलून फिरवणारा मोटरचा भाग) मधेच अडखळतो, कॅमेरा डिस्कनेक्ट होतो, की लोक सॉफ्टवेअरचे ड्रायव्हर बदलत बसतात. त्याआधी मल्टिमीटर उचला आणि सगळं चालू असताना माउंटपाशी व्होल्टेज मोजा. पाऊण स्क्वेअर एमएमच्या 10 मीटर वायरीतून 5 अँपिअर घेतले, तर जाता-येता सव्वादोन व्होल्ट वायरच खाते. 12 चे पावणेदहा उरतात. अडीच स्क्वेअर एमएमची वायर टाकली की ही घट पाऊण व्होल्टच्या आत येते. सगळं चालवणाऱ्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला लागणारे 5 व्होल्ट त्याच्या शेजारीच तयार करा, लांबून आणू नका. स्क्रीनवर विजेचं पिवळं चिन्ह चमकलं तर पुरवठा कमी पडतोय असं समजा. सिस्टिम मेमरी कार्डऐवजी छोट्या एसएसडीवर ठेवा आणि मागे बॅटरी द्या. लाइट अचानक गेली की कार्ड खराब होण्याची भीती असतेच.

तारे नीट मागोवता यावेत म्हणून माउंटचा अक्ष ध्रुवताऱ्याच्या दिशेने जुळवावा लागतो, पण जुन्नरला ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम 19 अंशांवर असतो. पत्र्याची शेड किंवा आंब्याचं झाड त्याला सहज झाकतं. त्यासाठी झाडावर कुऱ्हाड चालवायची गरज नाही: एकॉस आणि निना या दुर्बीण चालवणाऱ्या दोन्ही मोफत सॉफ्टवेअरमध्ये ध्रुवतारा न दिसताही अक्ष जुळवता येतो. आपल्या अक्षांशावर दुसरीही अडचण येते. माउंट इतका कलता असतो की दुर्बिणीचा तोल सांभाळणाऱ्या वजनाचा दांडा स्टँडच्या पायाला टेकू शकतो. तुम्ही पुण्यात, मोटर तिकडे ढकलतेय! माउंट आणि स्टँडच्या मध्ये एक्स्टेन्शन घाला, फिरण्याची मर्यादा सेट करा आणि दिवसाउजेडी, शेजारी उभं राहून, दुर्बीण सगळीकडे फिरवून पाहा. मध्यान्हरेषा (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडताना माउंट दुर्बीण दुसऱ्या बाजूला उलटवतो, तेव्हा केबल कुठे ताणते ते खास बघा.

सर्वांत महागात पडते ती शेडच्या सरकत्या छपराची चूक. पाऊस आल्यावर छप्पर बंद करण्याचा निर्णय इंटरनेटवर सोडू नका. तो तिथल्याच आर्डुइनोने (छोट्या कंट्रोलर बोर्डाने) घ्यावा. सेन्सरची जोडणी अशी हवी की वायर तुटली तरी ‘पाऊस आहे’ असाच अर्थ निघेल. पण दुर्बीण उभी असताना छप्पर सरकलं तर? दुर्बीण आडवी, पार्क स्थितीत आहे की नाही हे कळायला वेगळा स्विच लावतात. माझ्या मते छप्परच थोडं उंच बांधावं, म्हणजे दुर्बीण कशीही थांबली तरी आपटणार नाही. दोन पत्रे जास्त लागतील, बस.

सिमवरच्या राउटरला सहसा स्वतःचा पब्लिक आयपी (बाहेरून थेट गाठता येणारा इंटरनेट पत्ता) मिळत नाही, त्यामुळे बाहेरून थेट वाट काढणाऱ्या पोर्ट फॉरवर्डिंगवर रात्री घालवू नका. दोन ठिकाणं इंटरनेटवरून खासगीपणे जोडणारं टेलस्केल वापरा, किंवा दुसऱ्या टोकाला पब्लिक आयपी असेल तर वायरगार्ड. राउटरला टायमर लावून तो रोज दुपारी एकदा बंद-चालू होऊ द्या. 26 मेगापिक्सेलची एक कच्ची फाइल 52 एमबीच्या आसपास असते, म्हणून रात्री फक्त लहान प्रतिमा बघा. मूळ फाइली सकाळी ओढा.

जून ते सप्टेंबर दुर्बिणीची नळी आणि कॅमेरा तिथे बंद पेटीत ठेवू नका, भिंगांवर बुरशी धरते. ते घरी आणून सिलिका जेलसोबत ठेवा, आणि शेडमध्ये उरलेल्या वायरी उंदरांपासून वाचवायला पाइपात घाला.